गेम नव्या पब्लिशरकडे जातोय: आयडी, टॉप-अप, पिंग आणि गिल्डचं काय करायचं

नाशिकमधल्या कॉलेजच्या मुलांच्या एका गिल्डने, म्हणजे ऑनलाइन गेम एकत्र खेळणाऱ्यांच्या गटाने, विचारलंय. त्यांचा ऑनलाइन गेम आजवर मूळ परदेशी कंपनीच चालवत होती. आता भारतासह दक्षिण आशियातली सेवा एका प्रादेशिक पब्लिशरकडे जाणार असं जाहीर झालंय. आयडी (गेममधली खाती) टिकतील का, टॉप-अपचे म्हणजे गेममध्ये भरलेले पैसे बुडतील का, पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन-येऊन लागणारा वेळ) वाढेल का, दुबईला आणि जर्मनीला गेलेल्या मित्रांबरोबर खेळता येईल का, आणि गिल्डमधल्या एकाच्या दहावीतल्या भावाच्या आयडीचं काय, हे त्यांचे प्रश्न.

आधी प्लेअर सपोर्ट आणि मग आयडी एका यंत्रणेतून दुसरीत हलवण्याचं काम, या धंद्यात मी बरीच वर्षं आहे. तुमची काळजी रास्त आहे. एवढी जागरणं आणि एवढे पैसे ज्यात गेलेत ती गोष्ट दुसऱ्याच्या हाती जाणार म्हटल्यावर माणूस विचारणारच. ‘गेमच तर आहे’ असं म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

नव्या पब्लिशरचं नाव चांगलं की वाईट यावर तुमची चर्चा अडकलेली दिसते. ते दुय्यम आहे. खरा प्रश्न असा की तुमच्या पात्रांचा डेटाबेस उद्यापासून कुणाकडे राहणार, आणि करार संपला तर तो कुणाकडे परत जाणार. याचं लेखी उत्तर मिळालं की बाकीच्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं आपोआप मिळतात.

शेत एकाचं आणि वाट्याने कसणारा दुसरा, तसं गेम बनवणारा डेव्हलपर आणि तो चालवणारा पब्लिशर यांचं नातं असतं. कोड आणि हक्क डेव्हलपरकडे, आणि ठरावीक प्रदेशात ठरावीक वर्षं सेवा चालवण्याचा करार पब्लिशरकडे. पण ‘सेवा चालवणं’ यात तीन वेगळी कामं येतात. एक म्हणजे पैसे घेणं, म्हणजे दुकान, किमती, पेमेंट. दुसरं लॉगिन आणि ओळख सांभाळणं. तिसरं प्रत्यक्ष गेम सर्व्हर आणि त्यावरचा पात्रांचा डेटाबेस. कुठल्या करारात पहिलंच काम सोपवतात, कुठे पहिली दोन, कुठे तिन्ही. पहिलंच गेलं असेल तर तुमच्या आयुष्यात फारसा फरक पडणार नाही, दुकानाचं पान तेवढं बदलेल. तिन्ही गेली असतील तर तुम्ही एका नव्या, वेगळ्या जगात जाताय असं समजा.

हे घोषणेतूनच ओळखता येतं. ‘आयडी लिंक करा’ असं म्हटलं असेल तर लॉगिन बदलतंय. ‘नवीन अ‍ॅप डाउनलोड करा’ म्हटलं असेल आणि जुनं अ‍ॅप अपडेट होणार नसेल, तर बहुतेक वेळा सर्व्हरही वेगळे होताहेत. ‘डेटा ट्रान्सफर’ हा शब्द दिसला की डेटाबेस हलतोय हे नक्की, आणि तिथे शेवटची तारीख असणारच.

आपल्याकडच्या खेळाडूंनी हे सगळं एकदा भोगलंय. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ अ‍ॅप्सवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल होता. काही दिवसांतच मूळ कंपनीने भारतातलं पब्लिशिंग टेन्सेंट या चिनी कंपनीकडून काढून घेतलं, आणि ३० ऑक्टोबरला भारतातली सेवा पूर्ण बंद झाली. पुढे २ जुलै २०२१ रोजी पबजीच्याच क्राफ्टन या कंपनीने बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) आणला. गेम तोच, पण अ‍ॅप वेगळं आणि डेटाबेस वेगळा. जुनी आयडी आणता येत होती, पण ती फेसबुक किंवा ट्विटरशी जोडलेली असेल तरच. गुगल प्ले गेम्सवरून खेळणाऱ्यांची आयडी तशीच मागे राहिली. तो रस्तादेखील ३१ डिसेंबर २०२१ला बंद झाला. ज्यांची आयडी गेली त्यांची फसवणूक वगैरे कुणी केली नव्हती. लॉगिनचा प्रकार चुकीचा होता आणि तारीख निघून गेली, एवढंच कारण. माझ्या कामातही आयडी हरवायची सर्वांत मोठी कारणं हीच दोन दिसतात.

म्हणून गिल्डच्या प्रत्येकाने आजच सेटिंगमध्ये जाऊन आयडी कशाशी जोडलेली आहे ते बघावं. गेस्ट आयडी, म्हणजे कशाशीच न जोडलेली, असेल तर ती फक्त त्या मोबाइलवर जगते. फोन बदलला किंवा अ‍ॅप काढलं की संपली. गुगल, अ‍ॅपल, फेसबुक, ईमेल यांपैकी जेवढे पर्याय गेम देतो त्यातले निदान दोन जोडून ठेवा. मग त्या ईमेलमध्ये खरोखर लॉगिन करून बघा. आपल्याकडे शाळेत असताना सिडकोतल्या किंवा कॉलेज रोडवरच्या कॅफेत बसून कुणाच्या तरी ईमेलवर आयडी उघडलेली असते, आणि त्यावर दिलेला मोबाइल नंबर कधीच बंद पडलेला असतो. डेटा हलवण्याची संमती बहुधा त्याच ईमेलवर मागतात. ब्लॅक डेझर्ट या गेमचं युरोप-अमेरिकेतलं काम फेब्रुवारी २०२१मध्ये काकाओ गेम्सकडून मूळ पर्ल अबिसकडे गेलं, तेव्हा प्रत्येक खेळाडूने स्वतः संमती दिल्याशिवाय त्याची आयडी हलणार नव्हती. संमतीचा मेल कुणाच्या जुन्या मावसभावाच्या इनबॉक्समध्ये पडून राहिला तर पब्लिशर काहीही करू शकत नाही. आणि कुणी आयडी विकत घेतली असेल, तर स्पष्ट सांगतो, ती गमावायची तयारी ठेवा. पहिला मालक आजही ईमेलच्या जोरावर ती मागू शकतो.

आता पैशांकडे येतो, कारण इथेच सर्वांत जास्त गैरसमज आहेत.

स्किन (पात्राचं किंवा शस्त्राचं वेगळं रूप), शस्त्र, वाहन, पात्र या गोष्टी पात्रांच्या डेटाबेसमध्ये तुमच्या आयडीसमोर एक ओळ म्हणून असतात. डेटाबेस हलला की त्या हलतात. पण टॉप-अप करून घेतलेले हिरे, नाणी, क्रेडिट हे बऱ्याच गेममध्ये पब्लिशरच्या बिलिंगच्या वॉलेटमध्ये असतात, आणि ते वॉलेट गेमच्या डेटाबेसपासून वेगळं असतं. शिवाय विकत घेतलेली नाणी आणि फुकट मिळालेली नाणी आतून वेगळी मोजतात, पडद्यावर बेरीज दिसत असली तरी. जपानमध्ये तर कायदाच आहे: खेळाडूंनी पैसे देऊन घेतलेली पण न वापरलेली शिल्लक १ कोटी येनच्या वर गेली की निम्मी रक्कम सुरक्षित ठेव म्हणून ठेवावी लागते. कारण ती शिल्लक कंपनीच्या हिशोबात देणं असते. तुमचे पैसे आलेत, वस्तू अजून द्यायची आहे.

नवा पब्लिशर येतो तेव्हा हे देणं कुणी उचलायचं यावर दोन्ही कंपन्यांचे अकाउंटंट भांडतात. म्हणूनच शेवटच्या आठवड्यांत जुन्या दुकानात मोठे सेल लागतात. तुमची शिल्लक संपली तर दोघांचंही देणं संपतं. माझा सल्ला असा: आत्ता जी शिल्लक आहे ती कायमस्वरूपी वस्तूंमध्ये घाला, तीस दिवसांच्या पासात किंवा लकी ड्रॉमध्ये नको. आणि रूपांतराचा दर लेखी जाहीर होईपर्यंत एक रुपयाही नवीन टॉप-अप करू नका, सेल कितीही मोठा असला तरी.

पावत्या जपा. प्ले स्टोअरवरच्या खरेदीचा ऑर्डर नंबर ‘जीपीए’ या अक्षरांनी सुरू होतो आणि पुढे आकड्यांचे गट असतात. तो मेल गुगलकडून येतो आणि बहुतेक जण तो न उघडताच डिलीट करतात. सपोर्टला बसलेल्या माणसापुढे ‘मी दोन वर्षांत खूप पैसे घातलेत’ हे वाक्य आलं तर तो सहानुभूती दाखवू शकतो, पण काही करू शकत नाही. तोच नंबर, तारीख आणि गेममधला आकडी आयडी एका मेलमध्ये आला तर तो थेट बिलिंगच्या नोंदीशी जुळवून बघतो आणि काम होतं. नेट सेंटर किंवा ओळखीच्या मुलाकडून रोख देऊन टॉप-अप केलं असेल तर असा नंबर तुमच्याकडे नसतोच. तो खर्च सिद्ध करणं फार अवघड.

दरमहाचा पास यूपीआय ऑटोपेवर लावला असेल तर तो मँडेट, म्हणजे पैसे कापायची परवानगी, जुन्या कंपनीच्या नावावर असतो. तो आपोआप नव्या कंपनीकडे जात नाही, आणि जुन्या बाजूने रद्द होईल याची खात्री धरू नका. यूपीआय अ‍ॅपमध्ये जाऊन तुम्हीच बंद करा. आणखी एक, रागाच्या भरात बँकेला सांगून जुने व्यवहार उलटवू नका. असं केलेल्या आयडी पब्लिशर सरसकट बॅन करतात, आणि बॅन असलेली आयडी ट्रान्सफरच्या यादीत येतच नाही.

बॅनवरून आठवलं. तुमचं एखादं तिकीट, अपील किंवा हरवलेल्या वस्तूची तक्रार उघडी असेल तर ती सेवा बदलण्याआधी निकाली काढून घ्या. पात्रांचा डेटा हलतो, पण सपोर्टचा पत्रव्यवहार आणि जुने लॉग बहुतेक वेळा हलत नाहीत. नव्या टीमसमोर तुमचा इतिहास कोरा असतो. हे जाहिरातीत कुणी सांगत नाही, पण माझ्या अनुभवात खेळाडूंचा सर्वांत जास्त संताप याच गोष्टीवरून होतो.

पिंग. यात मत चालत नाही, मोजता येतं. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे दर १०० किलोमीटर अंतराला जाऊन-येऊन किमान १ मिलिसेकंद. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३९०० किलोमीटर, म्हणजे कितीही चांगली लाइन घेतली तरी ३९च्या खाली जाणं अशक्य, आणि केबलचे वळसे धरून प्रत्यक्षात ६० ते ८० येतो. नाशिक-मुंबई मात्र पावणेदोनशे किलोमीटरच. सर्व्हर मुंबईत असेल तर घरच्या फायबरवर १० ते २० दिसायला हरकत नाही. त्यामुळे प्रादेशिक पब्लिशर म्हणजे वाईट पिंग असं गृहीत धरू नका. सर्व्हर मुंबईत आला तर तुमचा फायदाच आहे. व्हॅलोरंट या गेमचा मुंबई सर्व्हर २०२०मध्ये सुरू होण्याआधी आपली मुलं सिंगापूरवर खेळायची, त्यांना विचारा फरक किती पडला ते.

आत्ताची स्थिती नोंदवून ठेवा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा, ‘ट्रेसर्ट’ (tracert) ही कमांड देऊन पुढे सर्व्हरचा पत्ता टाका आणि ओळी वाचा. पहिली ओळ तुमचा राउटर, १ मिलिसेकंद. मग लोकल प्रोव्हायडर. मग मुंबई, १० च्या आसपास. सर्व्हर सिंगापूरला असेल तर अनेकदा पुढे चेन्नई दिसतं आणि त्याच्या पुढच्याच ओळीत आकडा एकदम तीसेकने उडी मारतो. ती उडी म्हणजे समुद्राखालची केबल. एखाद्या प्रोव्हायडरचा रस्ता उलटा युरोपातून फिरून जात असेल तर आकडा शंभराच्या कितीतरी वर जातो, आणि तो दोष गेमचा नसून प्रोव्हायडरच्या राउटिंगचा असतो. रात्री नऊ ते अकराच्या गर्दीत, वायफायऐवजी लॅन केबल लावून, गिल्डमधल्या वेगवेगळ्या प्रोव्हायडरवरच्या चार-पाच जणांनी हे करून स्क्रीनशॉट ठेवावेत. बदलानंतर पुन्हा करा. सपोर्टला ‘लॅग होतोय’ लिहिण्यापेक्षा हे दोन स्क्रीनशॉट जोडलेत तर तक्रार नेटवर्क टीमपर्यंत पोचते.

पिंगपेक्षा मला काळजी वाटते ती लॉबीची, म्हणजे मॅचसाठी जमणाऱ्या खेळाडूंची. सर्व्हर वेगळे झाले की खेळाडूही विभागले जातात. संध्याकाळी जाणवणार नाही. पण रात्री एक वाजता, वरच्या रँकला, मॅच लागायला वेळ लागतो. मग खेळाडू जुळवणारं मॅचमेकिंग रँकची मर्यादा सैल करतं आणि खालच्या रँकचा गोल्डवाला वरच्या डायमंडसमोर येतो, किंवा रिकाम्या जागा बॉटने, म्हणजे संगणकाने चालवलेल्या खेळाडूंनी, भरतात. छोट्या सर्व्हरचा बाजारही पटकन बिघडतो, दोन-तीन मोठे गिल्ड मिळून एखाद्या वस्तूचा भाव ठरवू शकतात. शिवाय प्रादेशिक आवृत्तीला अपडेट बहुधा उशिरा येतात, कारण भाषांतर, तपासणी आणि स्टोअरची मंजुरी पुन्हा करावी लागते. काही आठवड्यांचा उशीर मी समजू शकतो. पण दुकानात पैसे देऊन ताकद विकत घ्यायची सोय नव्याने आली, मूळ आवृत्तीत नसलेली, तर तो गेम बिघडवणारा बदल आहे आणि त्यावर गिल्डने एकत्र आवाज उठवायला हवा.

परदेशातल्या मित्रांबद्दल. २०१२च्या फेब्रुवारीत सोनी ऑनलाइन एंटरटेनमेंटने आपल्या गेमची युरोपातली सेवा प्रोझीबनझाट१ या जर्मन मीडिया कंपनीकडे सोपवायचं जाहीर केलं, तेव्हा तिथले खेळाडू भडकले ते याच मुद्द्यावर: वर्षानुवर्षं अमेरिकन मित्रांबरोबर खेळतोय, आता देशावरून आम्हाला वेगळं का काढता? तुमच्या बाबतीत ठरवणारी बाब ही की प्रदेश कशावरून ओळखणार. नोंदणीचा देश, फोन नंबर, स्टोअरचा देश की आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेट जोडणीचा पत्ता? फक्त नोंदणीच्या देशावर ठरत असेल तर दुबईतला मित्र जुन्या भारतीय आयडीने तुमच्याबरोबर राहू शकेल. आयपीवर ठरत असेल तर नाही, आणि व्हीपीएन (जोडणीचा खरा देश लपवणारी सेवा) हा त्यावरचा उपाय नव्हे, अटींमध्ये मनाई असेल तर बॅन होतो. जर्मनीतला मित्र भारतीय सर्व्हरवर आला तरी त्याला सव्वाशेच्या आसपास पिंग मिळेल. गोळीबाराच्या गेममध्ये ते त्रासदायक, गटाने मिळून मोठ्या शत्रूवर चाल करायच्या (रेडच्या) गेममध्ये चालून जातं.

करार संपल्यावर काय होतं हेही बघून ठेवा, कारण याचा विचार आज कुणीच करत नाही. चीनमध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट २००९मध्ये द नाइन या पब्लिशरकडून नेटईझकडे गेला तेव्हा मधले काही महिने सर्व्हर बंद होते. पुढे गेम बनवणारी ब्लिझर्ड आणि नेटईझचं फिसकटलं आणि २३ जानेवारी २०२३ला पूर्ण सेवा बंद झाली. जाताना खेळाडूंना आपल्या पात्रांचा डेटा स्वतःच्या संगणकावर उतरवून ठेवायची सोय दिली होती. नवा करार होऊन गेम परत आला २०२४मध्ये. उलट जानेवारी २०२३मध्ये आग्नेय आशियातला लीग ऑफ लेजेंड्स गरेनाकडून मूळ रायटकडे गेला, आणि तिथे आयडी आधी लिंक करून घ्यायला काही आठवडे दिले होते म्हणून काम सुरळीत पार पडलं. दोन्हीकडे कंपन्या मोठ्याच होत्या. फरक आधीपासूनच्या तयारीचा.

दहावीतल्या भावाचं सोपं आहे. त्याच्या आयडीत वय खोटं टाकलेलं असेल तर ते आत्ताच आईवडिलांसमोर नीट करा. बीजीएमआय आला तेव्हापासून १८ वर्षांखालच्यांना पालकांच्या नंबरवर ओटीपी आणि दिवसाला तीन तासांची मर्यादा होती. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले, आणि मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. त्यात १८ वर्षांखालच्यांच्या डेटासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. नवा पब्लिशर हे विचारणारच. पडताळणीत खोटं वय सापडलं तर आयडी गोठते.

भारतात नोंदणी असलेला पब्लिशर आला तर एक बाब तुमच्या बाजूची होते. ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायला हवं. हा नियम इथे नियमित विक्री करणाऱ्या परदेशी कंपनीलाही लागू आहे, पण नोटीस बजावायला इथला पत्ता असला की काम वेगळ्याच गतीने होतं. तिथे दाद लागली नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक राहतो तिथे तक्रार करता येते, म्हणजे नाशिकमध्येच, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. ट्रान्सफरच्या काळात व्हॉट्सअ‍ॅप आणि टेलिग्रामवर ‘आयडी लवकर हलवून देतो’ असे मेसेज नक्की येतील. लिंक फक्त गेमच्या आतल्या सूचनेवरूनच उघडा, ओटीपी कुणालाही देऊ नका, आणि पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

गिल्डचं एक काम राहिलं. लीडरपद अशा माणसाकडे द्या ज्याची आयडी नक्की हलणार आहे, ईमेल चालू आहे आणि जो भारतातच आहे. लीडर मागे राहिला तर काही गेममध्ये गिल्ड हलत नाही, काहींत हलतो पण गोदाम कुलूपबंद राहतं. सदस्यांची यादी आणि गोदामातल्या वस्तूंचे स्क्रीनशॉट घ्या. नावं सारखी निघाली तर मागे आकडा चिकटवतात, म्हणून नाव राखून ठेवायची सोय दिली तर पहिल्याच दिवशी वापरा.

मग गिल्डच्या वतीने दोन्ही कंपन्यांना एकच मेल पाठवा आणि त्यात एवढंच विचारा: पात्रांचा डेटाबेस कुणाकडे आणि कुठल्या देशात राहील, विकत घेतलेली शिल्लक कुठल्या दराने मिळेल, प्रदेश कशावरून ठरेल, कुठले लॉगिन हलणार नाहीत, आणि हा करार संपला तर आमच्या आयडी मूळ कंपनीकडे परत जातील का. पहिल्या चारांची उत्तरं बहुधा येतील. पाचव्याला ‘सध्या सांगता येणार नाही’ असं आलं तर खेळत राहा, पण नव्या दुकानात पुढचा टॉप-अप करताना तेवढ्याच पैशांचा करा जेवढे उद्या गेले तरी घरखर्चाला किंवा फीला हात लागणार नाही.